दाखवायचे दात, खायचे दात

१ फेब्रुवारी, शनिवार

प्लास्टरच्या कंपनीने पप्पांना फुकट डायरी दिली. पप्पा म्हणाले, दिवट्या, तू घे, निदान अक्षर तरी सुधारेल. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसणारी बत्तीशी छापलीय. चेहरा नाही, नुसते दात. लिहिताना कुणीतरी आपल्याला हसतंय असं वाटतं. होईल सवय.

मोठी माणसं डायरी लिहितात. मीपण लिहिणार. रोज, न चुकता.

आज विशेष काही नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस विश्रांती घेतली.

परिस्थिती लिहून ठेवतो. वर घर, खाली लॅब. लॅब म्हणजे दात बनवायची. डॉक्टर लोक तोंडाचं माप पाठवतात, आम्ही दात पाठवतो. पप्पा हाताने कवळ्या करतात. ताई कॉम्प्युटरवर दाताचं डिझाईन करते, शेजारचं मशीन पांढऱ्या वडीतून तो दात कोरतं, मग तो भट्टीत भाजायचा. मी डबे पोचवतो. हुद्दा वितरण प्रमुख. हुद्दा मीच दिलाय, कारण दुसरं कुणी देईना. ऊन-वाऱ्यात मी, आणि कौतुक मात्र भट्टीचं.

ताईचा कॉम्प्युटर म्हणजे राक्षस आहे. असलं ग्राफिक्स कार्ड आमच्या अख्ख्या गल्लीत नाही. आणि त्यावर ती दिवसभर काय बघते, तर दाढा. रेसचा घोडा घाण्याला जुंपलाय.

मला त्याला हात लावायची बंदी. कारण किरकोळ आहे. मागच्या महिन्यात ताई जेवायला गेली होती, तेव्हा मी स्क्रीनवर एका पेशंटचा सुळा दोन मिलिमीटर वाढवला. गंमत म्हणून. परत कमी करणारच होतो, तेवढ्यात बाहेरून माझ्या दोस्ताने, पानाने, शिट्टी मारली. दात तसाच कोरला गेला, तसाच भाजला गेला, आणि मीच तो वेळेवर पोचवला. पेशंट निघाला फोटो स्टुडिओवाला. 'हसा' म्हणायच्या आधी तो स्वतः हसून दाखवतो. पोरं किंचाळायला लागली म्हणे. मला ही तक्रार जरा वाढवून सांगितल्यासारखी वाटली.

शिट्टीचं सगळं खरं सांगितलं, तरी ताईने पासवर्ड लावला. माझं नाव टाकून पाहिलं, आईचं टाकलं, तिच्या जुन्या मैत्रिणीचं टाकलं. नाही. सख्ख्या भावावर एवढा अविश्वास.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन बातम्या.

एक. बावीस तारखेला आमच्या टीमची फायनल आहे, दुपारी तीनला. टीममध्ये मी, पाना आणि दोन जण ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही, पण जिवाला जीव देणारे आहेत. मोबाईलवर खेळून फायनल जिंकता येत नाही. माझा मोबाईल एवढा तापतो की आई त्यावर कपडे वाळवीन म्हणते.

दोन. ताईला मोठ्या क्लिनिकने ट्रायल दिलीय. एका बाईचे पुढचे वरचे सहा दात. बसले व्यवस्थित, तर क्लिनिकचं सगळं काम आमच्याकडे. पप्पांचे हात हल्ली मेण धरताना थरथरतात. ते म्हणतात मेणच हलकं यायला लागलंय. म्हणून ताईला हे काम हवंय. ती तसं बोलत नाही, नुसती नखं खाते. दात द्यायची तारीख, बावीस.

बहीण-भावाची फायनल एकाच दिवशी. मी म्हटलं, ताई, आपण दोघं एकाच बोटीत बसलोय. ती म्हणाली, मी बसलेय, तू बोटीला पडलेलं भोक आहेस.

मनाला लावून घेतलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पाना गॅरेजमध्ये कामाला आहे, म्हणून पाना. पण डोकं असं की इंजिनिअर लोकांनी शिकवणी लावावी.

तो म्हणाला, आतल्या सिस्टीमला हातच लावू नकोस. बाहेरची डिस्क घे, त्यावर दुसरी सिस्टीम टाक. डिस्क जोडली की कॉम्प्युटर तुझा, काढली की ताईचा. पासवर्ड तिच्या सिस्टीमला आहे, तुझ्या नाही. पुरावा शून्य.

मी त्याला मिठी मारली. ग्रीस लागलं.

हे म्हणजे हत्तीसारखं झालं. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. एकाच तोंडात दोन्ही. दातांच्या घरात जन्मलो आणि हे मला आधी सुचलं नाही, याचंच नवल.

पानाने जुन्या लॅपटॉपची डिस्क दिली, प्लास्टिकच्या डबीत घातलेली. वायर थोडी लूज आहे म्हणाला. थोडी.

८ फेब्रुवारी, शनिवार

ताई आणि पप्पा क्लिनिकला माप आणायला गेले. आई शेजारी. मैदान मोकळं.

पाऊण तासात सिस्टीम टाकली. कुठेही अडलो नाही. फक्त एकदा कॉम्प्युटरने विचारलं, बूट लोडर कुठे ठेवू, आतल्या डिस्कवर का बाहेरच्या? इंग्रजी बरंच होतं, पण 'बूट' दिसल्यावर बाकीचं वाचायची गरज वाटली नाही. बूट बाहेर ठेवले की चोरीला जातात. मागच्याच वर्षी माझे गेलेत. आत, असं सांगितलं. निवडीची खूण आधीपासूनच 'आत'वर होती, म्हणजे कॉम्प्युटरचंही मत तेच.

डिस्क जोडलेली असताना सुरू केलं. माझी सिस्टीम! निळा पडदा, त्यावर माझाच फोटो लावला, कवळी तोंडात धरून काढलेला. पासवर्ड नाही, ताई नाही. डोळे भरून आले.

गेम उतरवायला टाकला. नऊ टक्के झाले तेवढ्यात दाराबाहेर पप्पांचा खोकला ऐकू आला. डिस्क उपटली, कॉम्प्युटर बंद.

ते बाईंचं माप घेऊन आले. या बाई म्हणजे बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करतात त्या. त्यांचा आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो, गाड्या चुकवत. बावीसला संध्याकाळी त्यांचा निरोप समारंभ आहे, स्टँडवरच, माईकवर भाषण. मागे त्या पाय घसरून पडल्या, तेव्हापासून त्यांना पुढचे दात नाहीत, 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. ताई म्हणाली, भाषणाला दात हवेत बाईंना, इकडची दुनिया तिकडे झाली तरी.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ताईच्या किंकाळीने जाग आली. खाली गेलो तर काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरात काहीतरी 'रेस्क्यू' लिहिलेलं. म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच 'वाचवा वाचवा' म्हणत होता. ताईचा चेहरा प्लास्टरसारखा.

मी शांतपणे म्हटलं, बाजूला हो, चहा घेऊन ये माझ्यासाठी. ती गेली. घाबरलेली होती म्हणूनच गेली, एरवी कप फेकून मारला असता. मी डिस्क जोडली. कॉम्प्युटर सुरू! पडद्यावर दोन ओळी आल्या, वर माझी सिस्टीम, खाली तिची. खालची बाण मारून निवडली. ताई चहा घेऊन आली तेव्हा तिचा पासवर्डचा पडदा समोर हजर.

आई म्हणाली, पोराच्या हाताला गुण आहे हो. पप्पा माझ्या हाताकडे बघत राहिले. अभिमानानेच असावं.

मग पानाला फोन लावला. तो गाडीखाली होता. म्हणाला, बूट आत टाकलास ना? सुरू करायची किल्ली ती, अर्धी आत आणि अर्धी तुझ्या डिस्कवर. आता डिस्क नसली तर तिची सिस्टीमपण उठणार नाही. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, मग डिस्क लावत जा. म्हणजे अडचण काहीच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन दिनक्रम. ताई आठला खाली येते. मी साडेसहाला उठायचं, डिस्क जोडायची, बाण मारून खालची ओळ निवडायची, ताईसाठी कॉम्प्युटर तयार ठेवायचा. सगळ्यांना सांगितलंय की मशीनला वॉर्म अप लागतो. थंडी आहे.

आईने शेजारच्या काकूंना सांगितलं की मुलगा सुधारला. काकू खात्री करायला खिडकीशी आल्या. मी हात हलवला.

विचार केला तर आजपासून अख्खी लॅब माझ्यावर चाललीय. मी उठलो नाही तर गावाला दात नाहीत.

ताईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही, म्हणाली, मग काय केलंस ते सांग. चोराला चोरच दिसतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डिस्क उघड्यावर ठेवणं बरं नाही. कवळीच्या डब्यात बसवली. डब्याच्या मागे गरम सुईने भोक पाडून वायर काढली, डबा कॉम्प्युटरच्या मागे, बाकीच्या डब्यांत. आता बघणाऱ्याला कवळीच.

कुणी उघडू नये म्हणून झाकणावर पेशंटचं नाव लिहिलं. श्री. अक्कलदाढे. पप्पा नेहमी ओरडतात, नाव झाकणावर लिहू नका, डब्यावर लिहा, झाकणं इकडची तिकडे होतात. पण डब्याला गोलाई आहे, अक्षर बिघडतं. अक्षर सुधारायचं चाललंय माझं.

वायर लूज आहे, ती तिरकी धरल्याशिवाय चालत नाही. त्यावर उपाय. प्लास्टरचा जबडा होता एक पडलेला, वरचे-खालचे दात जोडलेला. त्याच्या दातांत वायर धरवली. पकड झकास. कॉम्प्युटरच्या मागे बसून तो जबडा माझ्यासाठी दिवसभर दात-ओठ खातोय. ओठ नाहीत, पण भावना पोचते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताई दुपारी जेवून तासभर पडते. तोच माझा सराव.

आजचा सराव: अपडेट.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सराव: कालचं अपडेट झाल्यावर त्याचं अपडेट.

ताई म्हणाली, कॉम्प्युटरचं घड्याळ आपोआप काही तास मागे जातंय, काल तर दुपारी जेवून उठल्यावर सकाळ दाखवत होतं. मी पानाला विचारलं. तो म्हणाला, दोन सिस्टीम एकाच घड्याळाकडे वेगवेगळ्या नजरेने बघतात. ताईला हे सांगता येत नाही. मी म्हटलं, आतला सेल गेलाय, बाजारातून आणतो. आणला. ताईने बसवला. घड्याळ परत मागे गेलं. मी म्हटलं, हल्ली सेलसुद्धा डुप्लिकेट येतात. पप्पा म्हणाले, हो, पोरंसुद्धा.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेम उतरून झाला. लोडिंगचा पडदा आला. एक सैनिक डोंगराकडे बघत उभा असतो. तो पंचावन्न मिनिटं डोंगराकडे बघत होता. मीपण.

डिस्क जुनी आहे, धापा टाकते. पण फायनलला चालेल. नेट, नशीब आणि मी, तिन्ही त्या दिवशी वेगळे असतील.

१७ फेब्रुवारी, सोमवार

धोका टळला. पप्पा डबे पुसत होते, हातात नेमका तो आला. म्हणाले, हे अक्कलदाढे कोण? असं आडनाव ऐकलं नाही. मी म्हटलं, मोठ्या क्लिनिकचे पेशंट आहेत, परगावचे. आणि वायर का आहे? मी म्हटलं, कवळी ओली आहे, वाळायला लावलीय. पप्पांनी चष्मा कपाळावर घेतला. कधी द्यायची? तोंडातून निघून गेलं, शनिवारी, ताईच्या दातांबरोबर.

पप्पांनी मान हलवली आणि डबा होता तिथे ठेवला. असं प्रसंगावधान शाळेत शिकवत नाहीत. मी तर शाळेत फारसा नव्हतोच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खेळलो! चार मिनिटं. तीन मिनिटं बूट-कपडे निवडण्यात गेली (गेममधले). मैदानात उतरलो, पळालो, भिंतीआड लपलो, आणि जबड्याची पकड सुटली. सगळं गोठलं. माझा सैनिक एक पाय वर करून उभा. टीममधला न पाहिलेला दोस्त म्हणाला, हा पुतळा कुणाचा?

आई म्हणते, दोन घरचा पाहुणा उपाशी. तिला काही माहीत नाही, ती मावशीबद्दल बोलत होती. तरी मला लागलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताईचे सहा दात भट्टीतून निघाले. पप्पांनी एकेक उजेडाकडे धरून पाहिला, त्यांचे हात थरथरत होते म्हणून मग ताईने धरले आणि पप्पांनी पाहिले. मग म्हणाले नुसतं, हं. आमच्या घरात 'हं' म्हणजे सोन्याचं पदक. मला आजवर मिळालेलं नाही, पण मी दातही केलेले नाहीत.

मलापण बरं वाटलं. वॉर्म अप माझाच ना.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय. फायनलला लूज वायर चालणार नाही. पाना म्हणाला, उद्या सकाळी आण, डाग देऊन पक्की करतो. डिस्क काढली, वायर गुंडाळून त्याच डब्यात कोंबली, झाकण लावलं, दाराजवळच्या फळीवर ठेवला. सकाळी निघताना डोळ्यांसमोर असावा.

उद्या सकाळी कॉम्प्युटर कसा सुरू होणार हा विचारही केलाय. होणारच नाही, कारण ताई लावणारच नाही. तिचे दात तयार, डब्यात बंद. बाराच्या आत मी डिस्क घेऊन परत. सगळ्या बाजूंनी विचार करणारा माणूस घरात एकच आहे.

उद्या दोन्ही फायनल. झोपतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी

पप्पांनी स्वतः पिशवी भरली, वर फडकं बांधलं, म्हणाले, दिवट्या, आज सावकाश जा, आत बहिणीचं वर्ष आहे. ताई दारात उभी राहिली. तिने मला 'नीट जा' म्हटलं. शाळेत होतो तेव्हापासून म्हटलं नव्हतं.

बरोब्बर वेळेत क्लिनिकला पोचलो. काउंटरवर पिशवी दिली, सही घेतली, निघालो. पिशवीत काय आहे हे बघणं वितरण प्रमुखाचं काम नाही.

तिथून घरी, डबा उचलून पानाकडे जायला. फळी रिकामी.

पप्पांना विचारलं, इथला डबा? पप्पा म्हणाले, अक्कलदाढेंचा? पाठवला की. तूच म्हणाला होतास शनिवारी, ताईच्या दातांबरोबर. वाळली होती कवळी, वायर काढलेली दिसली.

माझी दातखीळ बसली.

आतून ताईचा आवाज आला, कॉम्प्युटर परत 'वाचवा' म्हणतोय. क्लिनिकने दातांच्या रंगाचा फोटो मागितला होता, म्हणून तिने लावला होता. मी म्हटलं, हात लावू नकोस, मी आलोच. आणि गाडी काढली.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला बँडेज आहे.

क्लिनिकमध्ये घुसलो. काउंटरवर दोन डबे, शेजारी-शेजारी. एकाच्या झाकणावर ताईच्या अक्षरात बाईंचं नाव, दुसऱ्याच्या झाकणावर माझ्या सुधारलेल्या अक्षरात श्री. अक्कलदाढे. काउंटरवरची मुलगी आत डॉक्टरीणबाईंना विचारत होती की अक्कलदाढे कोण, आणि त्यांच्या तोंडात डिस्क कशी बसवायची. मी अक्कलदाढे उचलले आणि पळालो. मागून ती ओरडली, अहो, थांबा! मला वाटलं रागावली.

ती रागावली नव्हती. ती सांगत होती की दोन्ही डबे उघडून पाहिले तेव्हा झाकणं इकडची तिकडे झालीत.

हे मला नंतर कळलं. आधी गतिरोधक आला. मी वर गेलो, गाडी खाली राहिली, मग मी खाली आलो आणि गाडी वर. डबा उघडून रस्त्यावर पडला. मी रांगत गेलो, डिस्क कुठे डिस्क कुठे करत. डिस्क नव्हती. दात होते. पांढरेशुभ्र, इकडे एक, तिकडे एक. मागून टेम्पो आला, त्याने हॉर्न दिला आणि चारांवरून गेला.

एक दात जवळच होता, तो उचलला. ताईचे दात एवढे पिवळे नसतात. जीभ फिरवून पाहिली. तो माझा होता. सुळा.

सात दात रस्त्यावर. ताईचे सहा, माझा एक. एक भाजीवाला गोळा करायला मदत करत होता, त्याने विचारलं, सगळे तुमचेच का?

घरी आलो तर कॉम्प्युटर सुरू. डिस्कशिवाय. ताईने मशीनच्या कंपनीला फोन लावला होता. तिथला माणूस म्हणाला, सुरू करताना एफ बारा दाबा, यादीतून तुमची ओळ निवडा. दाबलं. झालं. मग तो हसून म्हणाला, मॅडम, बाहेरच्या पाहुण्याने तुमच्या घरात बूट काढलेत. पाहुणा गेला की घराचं दार उघडत नाही. पाहुणा कोण?

तेवढ्यात पाहुणा दारात उभा, तोंडात रुमाल.

एक बटण. मी रोज साडेसहाला उठत होतो.

ताईने माझ्या मुठीतले दात टेबलावर पसरले, एकेक बघितला, माझा वेगळा काढला. मग मशीनमध्ये नवी वडी घातली. मशीनने दुपारभर दात कोरले. पण भट्टीला घाई चालत नाही, दात रात्रभर भाजतात. ताई भट्टीसमोर बसून राहिली, पप्पा तिच्या शेजारी. पप्पा मला एवढंच म्हणाले, झाकणावर लिहू नये म्हणतो मी.

तीन वाजता माझी फायनल होती. त्या वेळी मला टाके घालत होते, आत, ओठाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल आई समारंभाला जाऊन आली. बाईंनी भाषण रद्द केलं नाही. तोंडावर रुमाल धरून केलं. 'स' आला की थांबायच्या, दुसरा शब्द शोधायच्या. 'सगळे' ऐवजी 'तुम्ही लोक', 'सेवा' ऐवजी 'नोकरी'. शेवटी लोक म्हणाले, शेवटची एक घोषणा करा ना. घोषणेत गाडी सुटण्याची वेळ असते. साडेसात. बाईंनी माईक बंद केला.

मला वाटतं यात थोडी चूक त्या वेळापत्रकाचीही आहे.

नाही. खोडतोय हे वाक्य.

नाही, राहू दे. खोडलं तर बत्तीशी अजून हसेल.

आमची टीम जिंकली. तिघंच खेळले. पाना म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, पण पुतळ्याला सांभाळत बसावं लागलं नाही म्हणून जमलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल ताई स्वतः दात घेऊन गेली, बसने. दात पहिल्याच फटक्यात बसले, कुठे घासावं लागलं नाही. बाईंनी आरशात पाहिलं आणि खुर्चीतच 'साडेसात' म्हटलं म्हणे, दोनदा. मग डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला. काम उत्तम आहे. पण पुढच्या दातांना कार्यक्रम असतात, तारखा असतात, ते मी दुसऱ्या लॅबला देते. मागच्या दाढा तुम्ही करा. दाढ एक दिवस उशिरा आली तर कुणाला दिसत नाही.

म्हणजे खायचे दात आम्हाला, दाखवायचे दुसऱ्याला.

मी म्हटलं, ताई, अर्धं तर मिळालं ना. ती म्हणाली, पुढच्या दातांना मान असतो रे, दाढांना नुसतं काम. मग म्हणाली, जाऊ दे, दाखवायचे तू दाखवलेस तेवढे पुरे झाले.

अजून एक अट आहे. डबे न्यायला क्लिनिकचा माणूस येईल. माझं नाव घेतलं नव्हतं, नुसतं 'तो' म्हणाल्या. हुद्दा गेला.

डिस्क परत आली. ताईने पुसून कोरी केली. आता रोज संध्याकाळी त्यावर सगळ्या पेशंटच्या फाईलींची प्रत ठेवते. डबा तोच, आता नाव डब्यावर, पप्पांच्या अक्षरात. श्री. अक्कलदाढे लॅबमध्ये कामाला लागले. माझ्या आधी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

माझा दात बसवला. ताईने केला. फुकट, एका अक्षराने बोलली नाही, मोठ्या मनाची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा तात्पुरता आहे, दिसायला चालेल, चावायचं नाही. खायचा नंतर. आधी सगळ्यांच्या दाढा, मग वेळ झाला तर तो.

म्हणजे माझ्याकडे सध्या नुसता दाखवायचा आहे.

घरी येताना फोटो स्टुडिओवाला भेटला. मी सवयीने हसलो. त्याच्या हातातलं पोर किंचाळलं.

आरशात पाहिलं. सुळा दोन मिलिमीटर जास्त आहे. नक्की दोन.

ताईला विचारलं. ती दाढेवरून मान न काढता म्हणाली, परत कमी करणारच होते रे. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शिट्टी मारली.